बाजूला घेतलीय

आमच्या कंपनीत फोन उचलला की 'हॅलो' म्हणायचं नाही, 'बाजूला घेतलीय' म्हणायचं. म्हणजे गाडी रस्त्याच्या बाजूला घेतली आहे, उभी केली आहे, आता बोला. कल्पना ब्रिस्बेनच्या वकिलाची, हौस आमच्या मालकाची आणि शुद्धलेखन माझं. टिमब्रेल कोल्डरूम्समध्ये पदवीधर मी एकटाच. पदवी मध्ययुगीन इतिहासातली आहे. पण डॅझ टिमब्रेलच्या मते शिकलेला माणूस म्हणजे शिकलेला माणूस, त्याला कशालाही जुंपावा. त्यानं मला सुरक्षा अधिकारी केलं आणि प्रोफेसर म्हणायला लागला.

आमच्या टुवूंबा गावातल्या एखाद्या खाटकाची, पबची नाहीतर मासळीवाल्याची शीतखोली बंद पडली की आमचा मेकॅनिक व्हॅन घेऊन धावतो. त्यामुळे मेकॅनिक दिवसभर रस्त्यावर आणि डॅझ दिवसभर फोनवर. फोन म्हणजे त्याला लगाम वाटायचा. हातातून सुटला की घोडी उधळणार.

वकील आला तो दुसऱ्याच कुणाच्या तरी अपघातामुळे. घाटाखालच्या गावात एका प्लंबरचा माणूस फोनवर बोलता बोलता बसथांब्यात घुसला होता आणि चौकशीत त्याच्या मालकालाही उभं केलं होतं. वकिलानं डॅझला नीट समजावलं. "कामगार गाडी चालवताना कामाचा फोन घेतो, तेव्हा जाब त्याला एकट्याला विचारत नाहीत. फोन केला कुणी, आणि करणाऱ्याला तो गाडी चालवतोय हे ठाऊक होतं का, हेही विचारतात."

दुसऱ्या कुणी यावरून फोन कमी केले असते. डॅझनं ठाऊक असणं कमी केलं.

"म्हणजे त्यांनीच मला सांगितलं की गाडी उभी आहे," तो म्हणाला, "तर मला काहीच ठाऊक नाही. बरोबर?"

"तत्त्वतः," वकील म्हणाला.

वकिलाचं 'तत्त्वतः' आणि खाटकाचं 'ताजं', दोन्ही वास घेऊनच घ्यावं. डॅझनं वास घेतला नाही.

नियम भिंतीवर लागला. मी विचारलं, "डॅझ, त्यापेक्षा व्हॅनमध्ये हाताविना बोलायची यंत्रं बसवू या का?"

"वेडा आहेस का, प्रोफेसर? यंत्र दिलं म्हणजे बोला असं मीच सांगितल्यासारखं नाही का होणार?"

त्याच्या डोक्यात कायदा असा शिरला होता, जसा कुत्र्याच्या कानात गोचीड शिरतो.

दुसरा नियम भिंतीवर नव्हता. फोन तिसऱ्या घंटीच्या आत उचलायचा. नाही उचलला तर डॅझ रागवायचा नाही, आवाजही चढवायचा नाही. तो फक्त पुढचं काम वाटताना म्हणायचा, "तू जा कातडीखोलीवर." गावाबाहेरच्या कत्तलखान्यात सोललेली कातडी मिठात रचून ठेवतात, तिथली थंड हवेची यंत्रं आमच्याकडे आहेत. त्या यंत्रांच्या पात्यांवर चरबीचा थर बसतो, बोटानं निपटून काढावा असा, आणि वास केसांत जातो तो दोन अंघोळींनी जात नाही. आमच्याकडे नोकरीवरून काढलेल्यांपेक्षा कातडीखोलीला भिऊन सोडून गेलेले जास्त.

केरिन झेलरनं सुरुवातीला पहिला नियम खरा मानला होता. केरिन म्हणजे आमची सगळ्यात चांगली मेकॅनिक; चाळिशीची, तोंडाची फटकळ, घरी अंथरुणाला खिळलेली आई. एकदा घाट उतरताना डॅझचा फोन आला. घाटात गाडी बाजूला घ्यायला जागाच नाही; एकीकडे कडा, दुसरीकडे ट्रक. ती खाली पोचली, गाडी उभी केली आणि मग उलट फोन केला.

"बाजूला घेतलीय, डॅझ. बोल."

"काही नाही गं. ते काम बॉइडला दिलं. तू कातडीखोलीवर जा."

सगळा पंधरवडा ती कातडीखोलीवर होती. संध्याकाळी हिशोबाला ऑफिसात यायची तेव्हा आम्ही खिडक्या उघडायचो आणि उघडल्या नाहीत असं दाखवायचो. तिची आई म्हणे एका रात्री म्हणाली, केरिन, घरात काहीतरी मेलंय. त्यानंतर केरिनही तिसऱ्या घंटीच्या आत फोन उचलू लागली. एक हात चाकावर, एका हातात फोन आणि तोंडानं 'बाजूला घेतलीय'.

सगळेच तसं करत होते. वर्षभरात त्या शब्दांचा अर्थ झिजून गुळगुळीत झाला. दुसरा मेकॅनिक बॉइड छपरावर चढून पंखा दुरुस्त करत असायचा, फोन वाजला की छपरावरून ओरडायचा, "बाजूला घेतलीय!" आमची स्वागतिका टेबलाशी बसून बाजूला घ्यायची. बॉइडच्या बायकोनं तर नोटीसच दिली, की बिछान्यात पुन्हा हे दोन शब्द ऐकू आले तर मी बाजूला घेईन, कायमची. मीसुद्धा दाताच्या डॉक्टरांना एकदा तेच म्हणालो. त्या म्हणाल्या, "काय बाजूला घेतलंय? जबडा सरळ ठेवा."

वर, ज्याच्याविरुद्ध तक्रार नाही अशा चालकाला डॅझ दर महिन्याला बक्षीस द्यायचा: मांसाचं तबक. पबात सोडतीत मिळतं तसलंच, पातळ प्लास्टिकखाली घाम फुटलेले सॉसेज आणि चॉप्स. सुरक्षिततेचा पुरस्कार म्हणून मेलेलं जनावर देणं यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. बक्षीस स्वीकारल्याचा फोटो निघायचा, आणि फोटो काढायचो मी.

गुड फ्रायडेच्या आदल्या आठवड्यात, जेव्हा त्या दिवशी मटण वर्ज्य म्हणून सगळं गाव मासळीच्या रांगेत असतं, रथवेन स्ट्रीटकडच्या एका मासळीवाल्याची शीतखोली बंद पडली. आत सणाची सगळी कोळंबी. केरिन निघाली. शाळा सुटायची वेळ होती. डॅझ माझ्या समोरच्या टेबलावर एक मांडी टाकून बसला होता. त्यानं फोन स्पीकरवर टाकला, कारण फोन कानाला लावला की त्याला हातवारे करता येत नाहीत.

"बाजूला घेतलीय," केरिनचा आवाज आला. मागे इंजिनाची घरघर.

"कुठवर पोचलीस?"

"शाळेच्या वळणाशी आलेय. पोचतेच."

जी गाडी बाजूला घेतलेली आहे ती वळणाशी कशी येते, हे डॅझनं विचारलं नाही. मीही नाही.

"बाई, जरा पाय दाब. तो मासळीवाला रडतोय. म्हणतो, कोळंबीला डोळे फुटायला लागलेत. काय गं, कोळंबीला आधीपासूनच डोळे असतात ना?" डॅझ स्वतःच्याच विनोदावर हसला. "ऐक, ती खोली तीच ना, जिचा कॉम्प्रेसर गेल्या..."

मग जो आवाज आला तो फार मोठा नव्हता. एखादं जड पोतं कुणीतरी जमिनीवर टाकावं तसा. त्यापाठोपाठ एका मुलाची किंकाळी आणि केरिनचं "नाही, नाही, नाही".

डॅझनं फोन बंद केला. 'काय झालं' विचारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं, आणि फोन बंद केला. मग लगेच दुसरा लावला. मला वाटलं, रुग्णवाहिकेला. त्यानं लावला होता वकिलाला.

रुग्णवाहिकेला मी फोन केला. पलीकडून आवाज आला तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं ते सांगत नाही, शिसारी येते.

क्लॅरी ओट्स हा शाळेसमोरचा लॉलीपॉपवाला. लांब दांड्याचा 'थांबा' फलक घेऊन पोरांना रस्ता ओलांडून देणारा निवृत्त म्हातारा. फलक त्यानं धरलेलाच होता. केरिननं तो पाहिला, पण ब्रेकवर पाय उशिरा पोचला. क्लॅरीनं शेवटच्या पोराला ढकललं आणि स्वतः मात्र मागे राहिला. त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

डॅझनं इस्पितळात त्याला मांसाचं तबक पाठवलं. वर चिठ्ठी: 'लवकर उभे राहा!' नर्सनं ते दारातूनच परत पाठवलं. आमच्या ऑफिसच्या फ्रिजमध्ये ते बरेच दिवस होतं. कुणी खाल्लं नाही असं म्हणता येणार नाही.

आणि मग कंपनीनं हात झटकले. फार सुबकपणे झटकले. आमचे सगळे फोन 'प्रशिक्षणासाठी' ध्वनिमुद्रित होत असत. केरिनच्या त्या फोनचा फक्त पहिला तुकडा पोलिसांना आपणहून देण्यात आला; पुढचा म्हणे यंत्रानं खाल्ला. त्यात ती स्पष्ट म्हणते, 'बाजूला घेतलीय'. म्हणजे कंपनीचा नियम चोख, मालकानं बोलण्याआधी खातरी करून घेतलेली, आणि बाई मालकाशी धडधडीत खोटं बोलली. तिला त्याच आठवड्यात काढलं. पोलिसांचा खटला तर होणारच होता, ती चालवत होती, फोन तिच्या हातात होता, ते तिनंही नाकारलं नव्हतं. पण मालकाला फसवून स्वतःच्या मर्जीनं बोलणारी बाई आणि मालकाच्या धाकानं बोलणारी बाई, यांत न्यायाधीशापुढे तुरुंगाचं अंतर होतं. घरी आई होती, तिला कुशीवर वळवायलाही केरिनच लागायची.

"ती खोटं बोलली यार," डॅझ सगळ्यांना सांगत फिरत होता, आणि त्याच्या डोळ्यांत खरं पाणी यायचं. "माझ्याशी! मी तिला घरच्यासारखी वागवली."

आमच्याकडे मालकालाही नावानंच हाक मारतात आणि तूच म्हणतात. त्यामुळे गुलामगिरी फार मोकळीढाकळी दिसते.

कामगार सुरक्षा खात्याची निरीक्षक आली. सीना तुइला हे तिचं नाव. मूळची सामोआ बेटांवरची, धिप्पाड, शांत, सुती फुलाफुलांच्या शर्टातली. तिनं एकेकाला बोलावलं. बॉइडला विचारलं, "फोन येतो तेव्हा तुम्ही काय करता?"

"गाडी बाजूला घेतो."

"नेहमी?"

"नेहमी," बॉइड म्हणाला, आणि बाहेर येऊन माझ्याकडे न बघता म्हणाला, "कातडीखोलीत कोण जाणार, बाबा? तू जाणार?"

मला तिनं विचारलं, "'बाजूला घेतलीय' याचा अर्थ तुमच्याकडे काय होतो?"

खिडकीबाहेर डॅझ येरझारा घालत होता. मी म्हणालो, "नियमात लिहिलंय तोच."

"नियमात काय लिहिलंय ते मी वाचलंय," ती म्हणाली. "बरं."

मग ती म्हणाली, अपघाताची जागा बघायची आहे, आणि त्याआधी घाटसुद्धा बघायचा आहे, कारण केरिननं जबाबात घाटाचा उल्लेख केला होता. डॅझला आतिथ्याचा झटका आला. "मी नेतो की! टॅक्सी कसली करता?" लगेच त्यानं मला बाजूला ओढलं. "तू मागे बस. वकील म्हणालाय, हिच्याबरोबर एकट्यानं कुठं जायचं नाही. साक्षीदार हवा."

असा मी कंपनीचा साक्षीदार म्हणून मालकाच्या नव्या थोरल्या गाडीत मागच्या सीटवर बसलो. सीना पुढे. घाट उतरताना डॅझ एकदम साळसूद झाला होता; वेग मर्यादेत, दोन्ही हात चाकावर, दोन्ही बाजूंच्या निलगिरीची माहिती. ट्रक घोंघावत बाजूनं जात होते. आमच्या डाव्या हाताला कडा होता आणि कडेला थांबायला सायकलीइतकी जागा नव्हती.

"आमच्या पोरांना मी एकच सांगतो," डॅझ म्हणाला. "काम गेलं खड्ड्यात, जीव महत्त्वाचा. घरी बायकामुलं वाट..."

फोन वाजला. दोन सीटांच्या मधल्या खळग्यात होता. एक घंटी झाली. दुसरी झाली. डॅझचा डावा हात चाकावरून असा निघाला जसा झोपेतल्या माणसाचा हात डासाकडे जातो. त्यानं फोन कानाला लावला आणि घाटाच्या ऐन वळणावर, समोर लाकडांचा ट्रक असताना, म्हणाला,

"बाजूला घेतलीय. बोल."

सीनानं मान वळवली. तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. झाडं मागे जात होती. मग तिनं वेगाच्या काट्याकडे पाहिलं. मग पुन्हा झाडांकडे.

डॅझ बोलत होता. कुण्या पबचं बिअरचं कोठार गरम झालं होतं. "हो रे, पाठवतो. बॉइडला पाठवतो. नाही उचलला त्यानं? मग दुसऱ्याला पाठवतो आणि त्या गाढवाला बघतो मी." फोन ठेवला. "हं, तर काय म्हणत होतो... जीव महत्त्वाचा."

"आपण थांबलोय का?" सीनानं विचारलं.

"आं?"

"तुम्ही आत्ता म्हणालात, गाडी बाजूला घेतलीय. मला वाटतंय आपण अजून जातोय. माझी काही चूक होत असेल."

डॅझ मोकळेपणानं हसला. खरंच त्याला अजून उमजलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो, पुढे सांगितलंही. "अहो, ते होय! ती आपली बोलायची पद्धत. सगळेच म्हणतात. त्याचा अर्थ काय, नुसतं हॅलो. हो ना, प्रोफेसर? सांग हिला."

अशी विनंती मालक नोकराला रोज करत नाही. मी म्हणालो, "हो. आमच्याकडे त्याचा अर्थ हॅलो. केरिन म्हणाली तोही हॅलोच होता. मी समोरच बसलो होतो. आणि ती चालवतेय हे डॅझला ठाऊक होतं, कारण ती म्हणाली वळणाशी आलेय आणि हा म्हणाला पाय दाब."

डॅझ सवयीनं मान डोलवत होता. मधेच ती मान थांबली. आरशात मला त्याचा चेहरा दिसला. उन्हात विसरलेल्या चरबीसारखा तो हळूहळू ओघळत होता. घाट संपला तिथं त्यानं गाडी बाजूला घेतली. माझ्या माहितीत पहिल्यांदाच.

"ते... म्हणजे तसं नव्हे," तो म्हणाला. "लिहू नका ते. विनोद होता."

"मी अजून काही लिहिलं नाही," सीना म्हणाली. "थरथरत्या गाडीत मला लिहिता येत नाही. आता लिहिते."

फोन पुन्हा वाजू लागला. पडद्यावर वकिलाचं नाव. डॅझ त्याच्याकडे विंचवाकडे बघावं तसा बघत राहिला.

"घ्या की," ती वही उघडत म्हणाली. "आता काही हरकत नाही."

त्यानं घेतला नाही. माझ्याकडे वळून तो म्हणाला, "हरामखोरा, तुला मी घरच्यासारखा..." आणि पुढचा शब्द त्याला सापडला नाही. मी उतरलो आणि बसनं घरी आलो. नोकरी गेली हे वेगळं सांगायची गरज नव्हती; सांगितलंही नाही, आमच्याकडे सगळं मोकळंढाकळं असतं.

दुसऱ्या दिवशी बॉइडनं आपणहून जबाब बदलला. त्याच्या मागून बाकीच्यांनी. धीर आला म्हणून नव्हे. आता मालकाच्या विरुद्ध बोलणं सुरक्षित वाटू लागलं म्हणून. खात्यानं कंपनीवर आणि डॅझवर वेगळा खटला भरला. डॅझनं भिंतीवरचा नियम उतरवला आणि नवा लावला, असं कानावर आलं: यापुढे फोन उचलल्यावर 'इंजिन बंद आहे' म्हणायचं.

मी केरिनकडे गेलो. ती मागच्या ओट्यावर आईच्या चादरी पिळत होती. गाडी चालवायचा परवाना गेलेलाच होता. मी सांगितलं की साक्षीच्या तयारीला तुझा वकील भेटला होता, तो म्हणतो, मालकाला फसवल्याचा मुद्दा सरकारी पक्षानं सोडून दिलाय. शिक्षा होईल, पण बहुधा आत जावं लागणार नाही.

"म्हणजे मी खोटं बोलले नव्हते?"

"नव्हतीस."

"मग काय बोलले होते?"

"हॅलो."

तिनं चादर पुन्हा पिळली. तिच्यात पाणी उरलं नव्हतं.

"शाळा सुटलेली," ती म्हणाली. "म्हातारा फलक घेऊन उभा. आणि मी काय करतेय? कोळंबीच्या डोळ्यांवरचा विनोद ऐकतेय. हसलेसुद्धा असेन. हसले होते का रे? तू ऐकत होतास."

मी आठवून पाहिलं. "थोडीशी," मी म्हणालो. खोटं सांगता आलं असतं.

ती मोरीत जाऊन ओकली. बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आली तेव्हा तोंड पुसत म्हणाली, "त्या क्लॅरीला भेटायला कुणी गेलं होतं का? ते तबक सोडून?"

"नाही."

"मग चल. गाडी तू चालव. तो हाकलून देईल, देऊ दे. आणि तुझा फोन इथेच ठेव, मेल्या."

मी फोन ओट्यावर, कपडे वाळवायच्या चिमट्यांशेजारी ठेवला. आम्ही फाटकापर्यंत पोचलो नव्हतो तोच तो वाजू लागला. माझा खांदा वळला.

"वाजू दे," केरिन म्हणाली आणि शेजारच्या सीटवर बसून तिनं पट्टा लावला.